उतारावरचा डबा

तळ्याकाठचा मुक्काम, गगनबावड्याच्या अलीकडे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सयाजी,
सप्रेम नमस्कार.

आज पहाटे डबा ऐकू आला. ठण्ण! एकदाच. दचकून उठलो, तर वर आमच्या घरगाडीचं पत्र्याचं छत आणि त्यावर उंबराचं फळ पडलेलं. पण तोवर मी आपल्या कसबा बावड्याच्या उतारावर, जिथून गाड्या नदी ओलांडायच्या तिथे, जाऊन पोचलो होतो. आठवतो ना तुला तो डबा? उसाची गाडी नदीच्या रेतीत रुतली, की गाडीवान रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर चाबकाची काठी हाणायचा. ठण-ठण-ठण! आमची चौथीची कविता कडव्याच्या मध्येच तुटायची आणि गुरुजींसकट सगळा वर्ग चाकाला खांदा द्यायला पळायचा. गुरुजी धोतर खोचता खोचता उरलेली ओळ धावतच म्हणायचे. अजून माझ्या कानात त्या ओळीला बैलांच्या घुंगरांचा ताल आहे.

तर, आम्ही अडलो आहोत. घाट उतरून कालिंदीच्या माहेरी, खाडीकाठी जायचं, एवढाच बेत होता. ती कितीतरी वर्षांत तिकडे गेलेली नाही. तिथल्या धक्क्याच्या पायऱ्यांवर पाय बुडवून बसायचं, एवढंच तिचं मागणं. पण गाडीचा डायनमो गेला. गाडी चालू केली तरी बॅटरी भरत नाही. रानाचे मालक विजयसिंह यांनी मोटारीच्या खोपटातून वायर दिली आहे. शेतीची लाईट असेल तेवढा वेळ आमची बॅटरी भरते. कोल्हापूरचा मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणतो आहे.

शेजारी आणखी एक घरगाडी आहे, पांढरीशुभ्र, छतावर सोलरच्या पाट्या. राजवर्धन आणि मोना, नवरा-बायको, आपल्या कोल्हापूरचीच पोरं. लॅपटॉपवर नोकरी करत गावोगाव हिंडतात. परवा तो राजवर्धन आला. ‘काका, लाईट कमी पडली तर आमच्याकडनं वायर ओढू का?’ मी म्हटलं, ‘छे छे, नको. उगाच तुम्हाला त्रास.’ तर तो ‘बरं काका’ म्हणाला आणि गेला! अरे, आपल्याकडे पोळी वाढतानासुद्धा तीनदा विचारतात. नव्या पिढीत ओलावाच उरला नाही.

हे वरदला कळू देऊ नकोस. चिरंजीवांची अट तुला माहीत आहे: गाडी एकदा जरी अडली आणि परक्याला हाक मारावी लागली, तर गाडी विकायची आणि दोघांनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये यायचं. गिऱ्हाईक त्याने बघूनही ठेवलं आहे.

कालिंदी बरी आहे.

तुझ्या कानांमुळे फोनचा उपयोग नाही आणि इथे तशी रेंजही नाही; टेकडीवर चढावं लागतं. म्हणून आपली ही जुनीच वाट. आण्णाचा दुधाचा टेम्पो सकाळी भरून तुझ्या बावड्याकडे उतरतो आणि संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन वर येतो. पत्र त्याच्याकडे देतो आहे.

तुझा,
यज्ञेश्वर


कसबा बावडा
१० फेब्रुवारी

मास्तर, रामराम.

चिट्टी मिळाली. आण्णानं दुधाच्या पावतीसंगं दिली, निम्मी भिजल्याली.

तुजं एक मला कळंना. शेजाऱ्यानं इचारलं, तू नगो म्हणालास, त्यो गेला. आता त्यो वाईट कसा रं? आमी पावण्यानं ताटाव हात धरला तर हाताव रस्सा वाडतो, ती गोष्ट येगळी. ती पोरं शिकल्याली हाईत. नगो म्हंजे नगो, असं त्यास्नी शिकवलंय. तू मास्तर असून तुला ठावं न्हाय?

आनि दुसरं. दोन पानं लिवलीस. उंबराचं फळ पडल्यालं लिवलंस, गुरुजींचं धोतर लिवलंस. वैनीची एकच वळ, ‘बरी आहे’. ती च्या करती का? गाणं म्हणती का? तुला आळशी म्हणती का? त्येचं काय न्हाय. पन्नास वरसं तुज्या चिट्ट्या वाचतोय मी. तू जवा लय झाडं-पाखरं लिवतोस, तवा काय तरी दडवाय लागल्याला असतोस.

खरं काय ते लिव.

आमच्याकडं ठीक. संयोगितानं, म्हंजे सुनंनं, माज्या कानाला यंत्र आणलंय. एक दिवस घातलं, तर आख्खा गोठा डोस्क्यात शिरला. ठिवलंय डबीत घालून. ती रोज डबी आणून म्होरं ठिवती, मी रोज सारतो. मला न्हाय ऐकू आलं तर काय बिघडतंय? निम्मं जग तर खोटंच बोलतंय.

सयाजी


तळ्याकाठ
१२ फेब्रुवारी

प्रिय सयाजी,

तू वकील व्हायला हवा होतास.

कालिंदीला रात्री श्वासाचं यंत्र लागतं. दिवाळीपासून. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, पण यंत्र रात्रभर चालू ठेवा असं बजावलं. आमची बॅटरी पुरती भरली असेल तर रात्र निघते. पण लाईट कधी येते, कधी येतच नाही. परवा पहाटे यंत्र बंद पडलं. ती उठून बसली, गुडघ्यांवर हात टेकून, आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली. मी पाठ चोळत होतो. तिला हसू यावं म्हणून मी चौथीत केलेली ती माझी कविता म्हटली:

रुतले चाक, दमले बैल,
दूर गाव, सरले तेल...

ती म्हणाली, ‘पुढे?’ पुढच्या ओळी मला तेव्हाही सुचल्या नव्हत्या.

तू म्हणशील, मग त्या पोराकडून वायर घे. घेतली असती रे. पण या फिरस्त्यांचा मोबाइलवर एक गट आहे. कुणी कुणाचं पंक्चर काढून दिलं तरी फोटो काढून गटावर टाकतात: ‘आज वाटेत एक काका-काकू भेटले.’ हात जोडलेले, हसरे चेहरे. त्या गटात वरद आहे! ही गाडी त्याने तिथूनच घेतली. माझा फोटो संध्याकाळी पुण्यात पोचेल आणि रविवारी गिऱ्हाईक दारात. मग खाडी राहिली.

आता कालिंदी थोडी विसरभोळीही झाली आहे, तेही सांगून टाकतो. रोज दुपारी आपला लाल पंचा गाडीच्या आरशावर वाळत टाकते. दोरी बांधून दिली आहे, ती सोडून आरशावर! मी रोज काढतो, घडी करतो, आत ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. नुसती माझ्याकडे बघते.

आणि लोकांना शहाणपण शिकवण्याआधी आपलं यंत्र डबीतून काढ. माझ्या घरात श्वासाला यंत्र नाकारलं जात नाही. तुझ्या घरात कानाला नाकारलं जातं. दोघांत अडाणी कोण?

यज्ञेश्वर


कसबा बावडा
१३ फेब्रुवारी

मास्तर,

मी वरदला चिट्टी लिवाय घेतलीया. पाकीट आणलंय, पत्ता घातलाय. उद्या टाकतो.

तुला वाईट वाटंल. वाटू दे. तू हितं फोटोला भ्यालाइस आनि तितं वैनी पाटंपतोर बसून ऱ्हाती. ह्येला काय म्हणावं?

उतारावरचा डबा तुला गोड गोड आठवतोय, पण त्येचा कायदा इसरलास तू. रुतल्यालं चाक कुणी लपवत नव्हतं. तुमच्या घराम्होरल्या वाण्याच्या गाडीत गूळ हुता, म्हंजे त्येला भ्या हुतं, लोकं बगतील, नजर लागंल. तरी त्यानं डबा वाजीवला का न्हाय? आमच्या बानं वाजीवला का न्हाय? वाजला की टापूतल्या माणसानं यायचं. काय पायजे, असं इचारायचं न्हाय. रुतल्याल्यानं नगो म्हणायचं न्हाय. चाक निघालं की दोगांनी आपापल्या वाटंनं जायचं. आभार न्हाय, कौतिक न्हाय.

माणसं तीच हाईत रं. डबाच वाजंना झालाय.

कानाचं म्हणशील तर माज्या कानानं कुणाचा जीव जात न्हाय.

सयाजी


तळ्याकाठ
१५ फेब्रुवारी

सयाजी,

वरदला पत्र गेलं, तर हे माझं तुला शेवटचं पत्र समज. पासष्ट वर्षांची मैत्री एका पाकिटात घालून टाकतो आहेस, एवढं ध्यानात ठेव.

तुला वाटतं मी हट्टाने बसलो आहे. ऐक. डिसेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जे काही बघायचं असेल ते या थंडीत बघून घ्या. पुढचा पावसाळा तिच्या छातीला अवघड जाईल. हे तिला माहीत नाही. वरदलाही नाही. त्याला कळलं तर तो तिला पुण्याच्या आठव्या मजल्यावर गादीवर ठेवील, काचेच्या आत, आणि प्रेमानेच ठेवील. तिथून खाडी दिसत नाही.

मेकॅनिक आज येऊन गेला. डायनमो काढून घेऊन गेला. आता गाडी हलायचीही नाही. ‘दोन दिवसांत बसवतो’ म्हणाला.

राजवर्धन परवा सकाळी निघतो आहे, घाट उतरून पुढे. आज पुन्हा दारात आला. ‘काका, सगळं ठीक ना? नक्की?’ बघ, या वेळी ‘नक्की’ म्हणाला. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारील. माझ्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. पण त्याच्या हातात मोबाइल होता आणि मी म्हटलं, ‘अगदी उत्तम.’ मागून मोना आमच्या आरशाकडे बघत होती. आरशावर काही नव्हतं; पंचा मी नुकताच काढून आत ठेवला होता.

उत्तर देऊ नकोस. नुसतं कळव, पत्र टाकलं नाहीस म्हणून.

यज्ञेश्वर


कसबा बावडा
१६ फेब्रुवारी

मास्तर,

न्हाय टाकलं. फाडलं. संयोगितानं चुलीत घातलं.

मी आलो असतो, पण गुडघा सुजलाय, उंबरा वलांडायचा म्हंजे दोन माणसं लागत्यात. आनि आलो तरी भैरा माणूस काय कामाचा? तू हाक मारशील आनि मी तळ्यातली बदकं बगत बसंन.

एकच सांगतो, मग गप बसतो. तुज्या जिवाचा मालक तू. वैनीच्या जिवाची मालक ती. डाक्टरनं तुला बाजूला घेतलं, पोरानं तुला अट घातली, शेजाऱ्यानं तुला इचारलं. तिला कुणी इचारलं? एकदा तिच्याम्होरं बस आनि तिला इचार. आनि ती काय म्हणती ते ऐक. तुला तर ऐकू येतंय न्हवं?

सयाजी


तळ्याकाठ
१७ फेब्रुवारी, सकाळ

सयाजी,

घाईत लिहितो. आण्णा टेम्पोचा हॉर्न मारतो आहे.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज चहा झाल्यावर तिच्यासमोर बसलो आणि विचारलं. तर ती शांतपणे म्हणाली, ‘तो पंचा मी वाळत नव्हते घालत.’

या फिरस्त्यांची खूण आहे ती. पाण्याच्या नळावर मोनाने तिला सांगितली होती. आरशावर लाल फडकं दिसलं, की शेजारच्याने न विचारता यायचं. रोज दुपारी ती खूण लावत होती. ती पोरं आपलं काम आटपून यायला निघायची, तोवर मी फडकं काढून, नीट घडी घालून आत नेलेलं असायचं. त्यांना वाटायचं, गरज भागली. सयाजी, ती रोज डबा वाजवत होती आणि मी रोज तिच्या हातातली काठी काढून घेत होतो.

‘बोलली का नाहीस?’ मी म्हटलं.

‘तुम्ही इतके जपत होता, की मला बोलायला जागाच ठेवली नाहीत,’ ती म्हणाली. डॉक्टरांचंही तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

मी तसाच पायात चप्पल न घालता पांढऱ्या गाडीकडे धावलो. जागा रिकामी. चाकांखालचं गवत अजून उठलं नव्हतं. टेकडीवर जाऊन फोन लावावा, तर मोबाइलही मेलेला, चार्ज करणार कशावर?

काल संध्याकाळपासून लाईट नाही. पलीकडे कुठे खांब पडला आहे म्हणतात. विजयसिंह लग्नाला हातकणंगल्याला गेलेत. रात्र कशीबशी बॅटरीवर काढली, आता बॅटरीत थोडीच धुगधुगी आहे. एरवी दिवसा यंत्र लागत नाही, पण आज ती वाक्याच्या मध्ये थांबते आहे. मी म्हटलं, आण्णाच्या टेम्पोत बस, दवाखान्यात जाऊ. तर म्हणाली, ‘कॅनांच्यात बसून खालीवर आदळत जाण्यापेक्षा इथे पडून राहिले तर श्वास पुरेल. दुपारी लाईट येईल म्हणतात. मला खाडीकडे जायचंय, उलटं नाही.’ आणि या वेळी मी तिचं ऐकलं. बरोबर केलं की चूक, कळत नाही.

पंचा आरशावर लावला आहे. मी स्वतः. पण बघणारं कोणी नाही.

आण्णा ओरडतोय. जातो.

यज्ञेश्वर


खाडीकाठ, कालिंदीचं माहेर
२१ फेब्रुवारी

प्रिय सयाजी,

अठराला डायनमो बसला, गाडी घाट उतरली आणि आम्हाला इथे पोचवून तू परवाच बावड्याला परत गेलास. आणि काय बोलायचं ते सगळं बोलून झालं आहे, असं तुला वाटत असेल. नाही. तू दार बाहेरून बघितलंस. आतून ते कसं दिसलं, ते तुला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र.

आधी इकडचं. भरती आहे. धक्क्याच्या खालच्या पायरीवर पाणी आलंय आणि कालिंदी त्यात पाय बुडवून बसली आहे. अर्धी पायरी मला ठेवली आहे, पण मी लिहीत बसलोय म्हणून ‘आळशी’ म्हणाली. कळव म्हणाला होतास ना? म्हणाली. फोटो शेवटी आण्णानेच काढला, आणि तो फिरत फिरत गटावर गेलाच. वरद रविवारी येतो आहे. गाडीचं काय करायचं ते माझ्याशी नको, आईशी बोल, असं त्याला सांगितलं आहे.

आता ती संध्याकाळ.

दुपारी लाईट आली नाही. उन्हं तळ्यापलीकडे गेली तेव्हा यंत्राने एक बारीक शिट्टी दिली आणि ते थांबलं. त्यानंतरची शांतता मी कुठल्याही कवितेत वाचलेली नाही. कालिंदी पुढे झुकून बसली, खिडकीच्या कडेला कपाळ टेकून. तिचे ओठ मला बघवेनात. दारं-खिडक्या सताड उघडल्या. वारा होता, पण तो तिच्या आत जात नव्हता.

मी रस्त्यापर्यंत पळालो. एक मोटारसायकल गेली, मी हात केला, त्यानेही हसून हात केला. परत आलो. तेव्हा तिने बोटाने ओट्याखाली दाखवलं.

तिथे तिचं लग्नातलं पितळी पातेलं होतं, तिच्या वडिलांनी नाव घालून दिलेलं. ते आणि डाव घेऊन पायरीवर उभा राहिलो. पहिला ठोका इतका हळू मारला, की मलाच लाज वाटली. आयुष्यभर पोरांना ‘गोंगाट नको’ सांगणारा मी. आतून तिचा आवाज आला, एकेक शब्द सुटा.

‘जोरात. मास्तर. वर्ग. नाहीये हा.’

मग मी बडवलं. डोळे मिटून बडवलं. ठण-ठण-ठण! तिच्या नावावर पोचे आले. तळ्यावरची पाखरं उठली. उतार डोळ्यांसमोर आला, रेती आली, चाक आलं, आणि मनात एकच, की त्या वेळी ऐकणारं गाव होतं. इथे ऐकायला आहे कोण? एक माझा मित्र, तो बहिरा आणि गुडघ्याने अधू, बावड्यात अंथरुणावर. बडवता बडवता मी रडत होतो, हे तुला दिसलं नसेल, कारण मध्येच ती पुढे कोसळली. मी पातेलं टाकलं, आत गेलो, तिला छातीशी धरून बसती केली. वाऱ्याने दार आपटून बंद झालं.

आणि दारावर थाप पडली.

मला वाटलं, राजवर्धन परतला. मग वाटलं, वरदच, कुणीतरी कळवलं असणार. कोणीही असो, फोटो काढो, गाडी विको, असं म्हणत मी एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने दाराचा खटका ओढला.

दारात तू होतास. एका बगलेत काठी, दुसरीकडून आण्णाचा आधार, धोतर कॅनांतून निथळलेल्या दुधाने ओलं. मागे टेम्पोत कॅनांच्यामध्ये बावड्यातल्या कुठल्याशा लग्नाच्या मांडवातून आणलेला जनरेटर दोरीने बांधलेला. आणि तुझ्या कानात ते चिमुकलं यंत्र, उलटंच बसवल्यासारखं, त्याची तार टोपीत अडकलेली.

‘बास कर की आता!’ तू ओरडलास. ‘आण्णा रोज रस्त्यावनंच हॉर्न मारतो, टेम्पो आत घालायची वाट त्येला गावंना झालती, खोपटाखोपटाला इचारत आलो. मीच म्हणलं, गप, डबा वाजाय लागलाय, त्या अंगानं घे! वळणापासनं ऐकतोय. भैरा करतोस व्हय मला परत?’

सयाजी, तू काय पाहिजे ते विचारलं नाहीस. मी नको म्हणालो नाही. बाजूला सरकलो आणि तुला आत येऊ दिलं.

यज्ञेश्वर